साठ तासांचं क्रेडिट

गुरुग्राममधल्या एखाद्या कंपनीत उन्हाळाभर राबून मिळालेलं सर्टिफिकेट आणि गुणपत्रिकेवर उमटलेले दोन क्रेडिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्टिफिकेट कंपनी देते. क्रेडिट फक्त विद्यापीठ देऊ शकतं, आणि तेही अभ्यासक्रमात त्या कामासाठी आधीपासून जागा असेल तरच. दिल्लीत शिकायला आलेल्या मुलांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. काम आधी होतं, सर्टिफिकेट हातात पडतं आणि मग कॉलेजात विचारणा होते, 'याचे क्रेडिट मिळतील का?' तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

दिल्ली विद्यापीठाने २०२२ पासून पदवीचा जो नवा आराखडा लागू केला, त्यात ही जागा नेमकी कुठे आहे ते पाहू. एका सत्राचे २२ क्रेडिट असतात. त्यातले बहुतेक मुख्य विषयाच्या आणि ऐच्छिक पेपरांना जातात, प्रत्येकी ४ प्रमाणे. उरलेल्या लहान पेपरांमध्ये कौशल्याचा एक पेपर असतो, २ क्रेडिटचा. तिसऱ्या सत्रापासून सहाव्या सत्रापर्यंत विद्यार्थ्याला या कौशल्याच्या पेपराऐवजी इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप, प्रोजेक्ट किंवा समाजसंपर्काचं काम घेता येतं. म्हणजे इंटर्नशिप ही २२ क्रेडिटच्या वर मिळणारी बक्षिसी नाही. ती एका पेपराची जागा घेते. म्हणून तिची निवडही पेपरासारखी सत्राच्या सुरुवातीलाच नोंदवावी लागते. ही एक गोष्ट पक्की समजली की पुढचे बरेचसे नियम आपोआप उलगडतात.

आता तासांचा हिशेब. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकार्याचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास, १५ आठवडे. एकूण ३० तास. त्या हिशेबाने दोन क्रेडिट म्हणजे ६० तास, आणि सत्रभर पसरले तर आठवड्याला जेमतेम चार तास. वर्ग न बुडवता, एका मोकळ्या दुपारी करता येईल एवढं काम आराखडा मागतो.

पण नोएडा किंवा गुरुग्राममधली कंपनी अशा भाषेत बोलत नाही. तिला हवा असतो दोन महिन्यांचा, रोज आठ तास हजर राहणारा माणूस. आठवड्याचे पाच दिवस धरले तर आठ आठवड्यांचे ३२० तास होतात. आयोगाच्या हिशेबाने हे दहा क्रेडिटहून जास्त काम झालं. अभियांत्रिकीचं नियमन करणाऱ्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं माप थोडं कडक आहे, तिथे एका क्रेडिटला ४० ते ४५ तास लागतात. त्या मापानेही सात-आठ क्रेडिट होतात. दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर मात्र दोनच येतील, कारण जागाच दोनची आहे. उरलेले अडीचशे तास त्याने अनुभवासाठी, ओळखीपाळखीसाठी किंवा पगारासाठी दिलेत असं समजायचं. ते देऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. पण देताना हिशेब माहीत असावा.

दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरमध्ये गोंधळ आणखी वाढतो, कारण मेट्रोच्या एका प्रवासात तीन वेगवेगळ्या विद्यापीठांचे नियम बदलतात. द्वारकेच्या गुरू गोबिंद सिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठात व्यवस्थापन आणि अभियांत्रिकीच्या मुलांना उन्हाळी प्रशिक्षण असतं आणि त्याचा अहवाल पुढच्या सत्रात तपासला जातो. गाझियाबाद आणि नोएडामधली बरीच अभियांत्रिकी कॉलेजं लखनौच्या अब्दुल कलाम तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथे सुट्टीतल्या तीन-चार आठवड्यांच्या इंटर्नशिपचं किंवा त्याऐवजी छोट्या प्रकल्पाचं मूल्यमापन पुढच्या सत्रात होतं. एकाच पीजीत राहणाऱ्या तीन मैत्रिणींना एकाच कंपनीत काम मिळालं, तरी तिघींच्या कॉलेजांना हवे असलेले कागद वेगळे निघतात. म्हणून 'माझ्या मैत्रिणीला मिळालं' या भरवशावर कुणी राहू नये.

कामाला अभ्यासाचा दर्जा देण्याची कल्पना नवीन नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने १९०६ साली २७ विद्यार्थ्यांना घेऊन वर्ग आणि कारखाना आलटून पालटून चालणारा अभ्यासक्रम सुरू केला. वर्गात शिकवता न येणारा भाग कारखान्यातच शिकावा लागतो, हे त्याचं म्हणणं होतं. आपल्याकडे पिलानीच्या बिट्सने १९७३ मध्ये 'प्रॅक्टिस स्कूल' सुरू केलं आणि उद्योगातल्या कामाला थेट पदवीच्या हिशेबात बसवलं. दिल्लीतच याहून जुनं उदाहरण आहे. १९४६ साली सुरू झालेल्या आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचा भाग झालेल्या समाजकार्याच्या शाळेत विद्यार्थी वर्गाइतकाच वेळ वस्त्यांत, रुग्णालयांत, संस्थांत घालवत आले आहेत, आणि त्या कामाला परीक्षेत गुण आहेत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचीही हीच रीत. या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. विद्यार्थ्याला कामावर पाठवणारा एक शिक्षक असतो, आणि तो शिक्षक परत आलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ही सोय समाजकार्य आणि अभियांत्रिकीपुरती न ठेवता इतिहास, संस्कृत, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेली. कागदावर हे फार मोठं पाऊल आहे. प्रश्न विचारायला वेळ असलेले शिक्षक तेवढ्या प्रमाणात वाढलेत का, हा खरा प्रश्न आहे.

पात्रतेकडे येऊ. इथे दारं दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या किल्ल्यांनी उघडतात. एक दार काम देणाऱ्याचं, दुसरं कॉलेजचं.

काम देणाऱ्याचं दार दिल्लीत किती अरुंद असू शकतं, याचं ठळक उदाहरण म्हणजे संसद मार्गावरचा नीती आयोग. तिथल्या इंटर्नशिप योजनेत पदवीच्या विद्यार्थ्याने दुसरं वर्ष, म्हणजे चौथं सत्र, पार केलेलं असावं लागतं आणि बारावीत ८५ टक्क्यांची अट असते. अर्जाची खिडकी महिन्याच्या १ ते १० तारखेपर्यंत उघडते. कालावधी किमान सहा आठवडे, आणि मानधन नाही. महत्त्वाचं हे, की रुजू होताना कॉलेजची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, मागितली जाते. म्हणजे बाहेरचं दार उघडलं तरी कॉलेजचा कागद लागतोच.

कायद्याच्या मुलांचा मामला आणखी निराळा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावीच लागते, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त काळ ती करता येत नाही. तिथे इंटर्नशिप हा पर्याय नाही, पदवीची अट आहे. दिल्लीच्या तीस हजारी न्यायालयाच्या आवारात उन्हाळ्यात पांढरे शर्ट घालून वकिलांच्या मागे फायली सांभाळत चालणारी मुलं दिसतात, त्यातली बरीच हे आठवडे भरत असतात.

आणि एक दार असं आहे जिथे कॉलेजातल्या मुलांनी रांग लावण्यात अर्थच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा पथदर्शी टप्पा सुरू झाला. दरमहा ५ हजार रुपये, मोठ्या कंपन्या, बारा महिने, असं ऐकून गावाकडून फोन येतात, 'अगं, तू का नाही भरलास फॉर्म?' त्या टप्प्याची अट होती वय २१ ते २४ आणि पूर्णवेळ शिक्षणात किंवा पूर्णवेळ नोकरीत नसणं. रोज वर्गात बसणारी विद्यार्थिनी तिथे मुळातच अपात्र होती. दूरशिक्षणातून शिकणाऱ्याला मात्र मुभा होती. ती योजना रोजगाराच्या वाटेवरची आहे, क्रेडिटच्या नाही. नावात 'इंटर्नशिप' आहे म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

आता कॉलेजचं दार. यात ओळखीचा शिक्षक, विभागाचा टीचर-इन-चार्ज आणि कार्यालयातला कर्मचारी अशी तीन माणसं भेटतात. लातूरहून किंवा नांदेडहून आलेल्या, हिंदी अजून अडखळत बोलणाऱ्या मुलीला यातला सगळ्यात कठीण भाग पहिला वाटतो, म्हणजे शिक्षकाला विचारणं. पण विचारायचं काय, हे नेमकं ठरवून गेलं तर ते पाच मिनिटांचं काम असतं. या सत्रात कौशल्याच्या पेपराऐवजी इंटर्नशिप घेता येईल का? कुठल्या प्रकारची संस्था चालते? किती तास दाखवायचे? सुट्टीत केलेलं काम पुढच्या सत्रात धरणार का? अहवाल किती पानी आणि व्हायवा कोण घेणार? या प्रश्नांची उत्तरं ईमेलवर मागून घ्यावीत. पुढे शिक्षक बदलतात, विभागप्रमुख बदलतात, ईमेल राहतो.

त्यानंतर संस्थेला अर्ज. इंटर्नशिपसाठी येणाऱ्या अर्जांमध्ये 'मी मेहनती आहे, जिज्ञासू आहे, टीममध्ये काम करायला आवडतं' ही वाक्यं इतकी सारखी असतात की वाचणाऱ्याला नावं बदलली तरी कळणार नाही. क्रेडिटसाठी अर्ज करणाऱ्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं आणि तेच तो विसरतो. मी अमुक कॉलेजात चौथ्या सत्रात आहे. ही इंटर्नशिप माझ्या अभ्यासक्रमात दोन क्रेडिटची आहे. मला जानेवारी ते एप्रिल या काळात ६० तास पूर्ण करायचे आहेत, दर बुधवारी दुपारी आणि शनिवारी येऊ शकते. सर्वेक्षणाचा पेपर झाला आहे, एक्सेलमध्ये माहिती भरता आणि तपासता येते. शेवटी तुमच्याकडून हजेरी आणि मूल्यमापनाच्या फॉर्मवर सही लागेल. एवढं लिहिलेलं पत्र लहान संस्थेला फार सोयीचं पडतं, कारण तिला लगेच कळतं की काय मिळेल आणि काय द्यावं लागेल. नोंदणी फी किंवा 'ट्रेनिंग किट'चे पैसे मागणाऱ्याकडे मात्र पाठ फिरवावी. काम देणारा पैसे मागत असेल तर तो काम देत नाही, सर्टिफिकेट विकतो आहे, आणि असं सर्टिफिकेट व्हायवाच्या दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

होकार आला की ऑफर लेटरवर चार गोष्टी असल्याच पाहिजेत: सुरुवातीची आणि शेवटची तारीख, तास, कामाचं स्वरूप आणि देखरेख करणाऱ्याचं नाव. ते पत्र दाखवून कॉलेजची एनओसी घ्यायची आणि मगच पहिल्या दिवशी कामावर जायचं. एनओसीच्या आधीचे तास मोजायला शिक्षकाने नकार दिला, तर त्याला दोष देता येत नाही.

यानंतर येते ती वही, जिच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत इंटर्नशिपच्या मूल्यमापनासाठी रोजची नोंद, अहवाल आणि सादरीकरण यांवर भर आहे. रोजची नोंद म्हणजे काय, ते एका दिवसावर पाहू. समजा भूगोलाची एक विद्यार्थिनी सीलमपूरमध्ये जुन्या संगणकांचे आणि मोबाईलचे भाग सुटे करणाऱ्या दुकानांचं सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेत आहे. तिची एक नोंद अशी असू शकते: 'सर्वेक्षणात मदत केली. टीमसोबत मीटिंग. ४ तास.' त्याच दिवसाची दुसरी नोंद अशीही असू शकते: 'नऊ दुकानांत प्रश्नावली भरली. सहा जणांनी महिन्याच्या कमाईचा प्रश्न टाळला. संध्याकाळी मॅडमशी बोलून तो प्रश्न बदलला: आठवड्याला किती किलो तांबं विकता? उद्या जुन्याच दुकानांत परत जाऊन हाच प्रश्न विचारायचा. साडेतीन तास.' पहिल्या नोंदीला शिक्षक फक्त सही करू शकतो. दुसरीवर तो अर्धा तास बोलू शकतो: लोक कमाई का लपवतात, वजनावरून कमाईचा अंदाज काढताना दर कुठून घेणार, सहा जण म्हणजे नऊपैकी किती मोठा भाग. या अर्ध्या तासासाठीच क्रेडिट असतं. आणि दुसऱ्या नोंदीत अर्धा तास कमी लिहिला आहे, हेही बघा. खरे तास लिहिणाऱ्या वहीवर शिक्षकाचा विश्वास बसतो.

अंतराचा प्रश्न दिल्लीत टाळता येत नाही. नॉर्थ कॅम्पसच्या विश्वविद्यालय स्टेशनवरून यलो लाइन थेट गुरुग्रामला जाते, पण सायबर सिटी गाठायची तर सिकंदरपूरला उतरून रॅपिड मेट्रो घ्यावी लागते. नोएडासाठी राजीव चौकात गर्दीतून ब्लू लाइनकडे धावावं लागतं. एका बाजूचा प्रवास तासाभराहून जास्त, आणि दिल्ली मेट्रोत विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा पास नाही. आठवड्यात दोनदा गेलं तरी चार-पाच तास रुळांवर जातात, म्हणजे दोन क्रेडिटच्या कामाला लागतो त्याहून जास्त वेळ. शिवाय दिल्ली विद्यापीठात परीक्षेला बसायला दोन तृतीयांश हजेरी लागते. सत्र चालू असताना कंपनीच्या वेळा पाळणारी मुलं एप्रिलमध्ये हजेरीच्या यादीत आपलं नाव शोधत फिरतात, ते याचमुळे.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की क्रेडिटसाठीची पहिली इंटर्नशिप जवळ शोधावी. कॉलेजच्या परिसरातली संस्था, ग्रंथालय, विद्यापीठाचे स्वतःचे विभाग. दिल्ली विद्यापीठाची कुलगुरू इंटर्नशिप योजना याच विचाराची आहे. विद्यार्थी विद्यापीठाच्याच कार्यालयांत आणि विभागांत काम करतात आणि त्यांना मानधन मिळतं; सुरुवातीच्या वर्षांत अर्धवेळ योजनेला महिना ५ हजार आणि उन्हाळी योजनेला १० हजार रुपये ठेवले होते. ती क्रेडिटमध्ये धरता येईल का, हे अर्थात आधी विभागाला विचारायचं.

मानधनाचा विषय निघाला आहे तर तो अर्ध्यावर सोडणं योग्य नाही. 'पैसे देत नाही, पण क्रेडिट मिळेल ना' हे वाक्य आता दिल्लीत सर्रास ऐकू येतं. अमेरिकेत हा वाद न्यायालयापर्यंत गेला. 'ब्लॅक स्वान' या चित्रपटासाठी बिनपगारी काम केलेल्या इंटर्नांनी खटला भरला आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल अपील न्यायालयाने कसोटी लावली, की या व्यवहारात खरा फायदा कुणाचा होतो? विद्यार्थ्याचं काम त्याच्या अभ्यासाशी जोडलेलं आहे का, त्याला क्रेडिट मिळतात का, हे त्या कसोटीतले मुद्दे ठरले. म्हणजे क्रेडिट असणं हे पगार न देण्याच्या बाजूने मोजलं गेलं. फ्रान्सने दुसरी वाट धरली: विद्यार्थी, शिक्षणसंस्था आणि काम देणारा यांच्यात त्रिपक्षीय करार झाल्याशिवाय इंटर्नशिप नाही, आणि ती दोन महिन्यांहून जास्त चालली तर मानधन सक्तीचं. आपल्याकडे १९६१ चा अप्रेंटिस कायदा शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन देतो, पण सर्वसाधारण इंटर्नसाठी असं छत्र नाही. मला फ्रान्सची वाट न्यायाची वाटते. ६० तास अभ्यास म्हणून फुकट देणं मी समजू शकतो. त्यातून शिक्षकाचं मार्गदर्शन मिळतं, एक पेपर वाचतो. पण ३२० तास कंपनीचं रोजचं काम करून घ्यायचं आणि मोबदला म्हणून विद्यापीठाचे दोन क्रेडिट पुढे करायचे, हा दुसऱ्याच्या तिजोरीतून पगार चुकता करण्याचा प्रकार आहे. शिवाय ते ज्यांना परवडतं तेच करू शकतात. वडिलांचं घर दक्षिण दिल्लीत असणारा मुलगा दोन महिने बिनपगारी जाऊ शकतो. विजयनगरमध्ये खोलीचं भाडं भरणारी, घरून मोजके पैसे मागवणारी मुलगी जाऊ शकत नाही. शेवटी त्याच्या बायोडेटावर एक ओळ जास्त येते आणि तिला मुलाखतीत 'अनुभव नाही का?' असं विचारलं जातं. कॉलेजांनी मनावर घेतलं तर हे बदलू शकतं: क्रेडिटसाठी मान्यता देताना तासांची कमाल मर्यादा लिहून घ्यायची, त्यापुढच्या तासांना मानधन मागायचं, आणि जवळच्या संस्थांची यादी विभागाने स्वतः करायची. त्याला नवा कायदा लागत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. आपल्या विद्यापीठांमध्येही नव्या धोरणानुसार पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे, आणि 'सर, कुठली कंपनी चालेल?' हा प्रश्न नाशिक आणि कोल्हापूरच्या विभागांतही तितकाच ऐकू येतो.

काम संपलं, अहवाल दिला, व्हायवा झाली, तरी एक पायरी उरते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याचं खातं असतं, ते डिजिलॉकरमधून उघडता येतं आणि त्याचा बारा आकडी क्रमांक मिळतो. त्यात क्रेडिट जमा करण्याचा अधिकार फक्त शिक्षणसंस्थेला आहे. विद्यार्थ्याने स्वतः सर्टिफिकेट चढवून तिथे काही होत नाही. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. पुढे पुण्याला किंवा मुंबईला प्रवेश घेताना नवं विद्यापीठ याच खात्याकडे बघणार आहे. तेव्हा निकाल लागला की त्याच आठवड्यात खातं उघडून इंटर्नशिपची ओळ शोधावी, आणि ती दिसली नाही तर एनओसी, मूल्यमापनाचा सही झालेला फॉर्म आणि शिक्षकाचा तो जुना ईमेल घेऊन कॉलेजच्या परीक्षा विभागात जावं.